खंडेनवमीला रिकामा झालेला कंटेनर

१

दसऱ्याच्या सकाळी रेवदंड्याच्या मच्छीमार सोसायटीत चोरी उघडकीला आली. कुलूप जागेवर होतं, खिडक्या जागेवर होत्या, आतलं मशीन जागेवर होतं, आणि आदल्या दिवशी खंडेनवमीला त्या मशीनला घातलेला झेंडूचा हारसुद्धा जागेवर होता. गेला होता तो आमचा वर्षभराचा मासा.

मासा म्हणजे माशाची नोंद. खाडीच्या तोंडाशी आमच्या लहान होड्या डोली, म्हणजे पिशवीसारखी जाळी, लावतात. किती बोंबील, किती जवळा, किती कोलंबी एवढं होडीवरच्या फोनमध्ये टाकायचं. जागा आणि वेळ फोन आपला आपण टिपतो, आणि होडी रेंजमध्ये आली की सगळं सोसायटीच्या सर्व्हरवर जाऊन बसतं, फोनमध्ये काही उरत नाही. हा खटाटोप आम्ही हौसेने केलेला नव्हता. नेमकी तीच जागा एका कंपनीला जेटीसाठी हवी आहे, आणि कंपनीच्या अहवालात त्या जागेपुढे लिहिलंय, ‘मासेमारी: नगण्य’. अलिबागची सुनावणी तोंडावर आली होती. आम्ही नगण्य नाही हे दाखवायला आमच्याकडे ती नोंद होती, आणि दुसरं काही नव्हतं.

जनी माझ्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी तोरण बांधत होते.

“केसरबाय, उतर खाली. माज्या पोरीला चोर म्हंतात.”

जनीची पोरगी प्रणाली. अलिबागला कॉलेजात कॉम्प्युटर शिकली, सोसायटीचं मशीन तीच सांभाळते. तिचं लग्न ठरलंय गणराजशी, आणि गणराज न्हावा शेवाला बंदरात कामाला आहे. एवढ्यावर गावाने गणित सोडवून टाकलं होतं. पोराची बंदरात ओळख, बंदरवाल्यांची जेटीवाल्यांशी ओळख, तेव्हा पोरीने नोंदीची नक्कल कंपनीला विकली आणि मागची मूळ नोंद पुसली.

“तू काय म्हणतेस?” मी विचारलं.

“मी म्हंते, ज्यानं म्हटलं त्याच्या डोक्यावर जवल्याची पाटी रिकामी करते. पन आदी तू बघ. त्या यंत्रातलं तुलाच कलतं.”

कळतं ते खरं आहे. न्हावा शेवाच्या एका मालवाहतूक कचेरीत सर्व्हर सांभाळण्यात माझी उमर गेली. लग्न केलं नाही, त्यामुळे कुणाचं मुकाट ऐकून घ्यायची सवय लागली नाही. मी तोरण तसंच अर्धवट सोडलं आणि चपला घातल्या.

सोसायटीच्या पायरीवर माणसं जमली होती. आत खुर्चीत प्रणाली बसली होती आणि तिच्यासमोर चेअरमन शिवदास नाखवा उभा होता. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “केसरबाय, पोलिसांना फोन करतोय. तू मधी पडू नको.”

“मी मध्ये पडायलाच आलेय,” मी म्हटलं. “फोन ठेव.”

२

शिवदासला मी परकराच्या वयापासून ओळखते. ओरडतो तेव्हा तो घाबरलेला असतो. मी त्याला मागच्या खोलीत नेलं.

“या मशीनमध्ये हात कुणाकुणाचा जातो?”

“दोगांचाच. ही आन आपला विनेश.”

विनेश म्हणजे शिवदासचा सख्खा भाचा. राहतो उलव्याला, मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर बघतो, आणि सोसायटीचं काम मामाच्या शब्दाखातर करतो. निदान शिवदास सगळ्यांना तसं सांगतो.

“काल मशीन बंद कुणी केलं?”

शिवदासने बोटातली अंगठी फिरवायला सुरुवात केली. “खंडेनवमी होती ना. ज्या हत्याराची पूजा, त्याला त्या दिवशी इसावा द्यायचा. आपल्यात इंजिन बंद असतं, तसं हे पन.”

“ते मला ठाऊक आहे. बटण कुणी दाबलं?”

“मीच दाबलं.” मग आवाज एकदम खाली आणून तो म्हणाला, “केसरबाय, बटन दाबल्यानं जातं का गं समदं?”

आत्ता कळलं, हा सकाळपासून कशाने ओरडत होता ते. स्वतःच्या हाताने बुडालं असेल तर, ही भीती त्याने पोरीच्या अंगावर फेकली होती. मला त्याची दया आली आणि संतापही आला.

“मागच्या नवमीला बटण दाबलं होतंस?”

“दर वरसाला दाबतो. वरसातून तेवडाच एक दीस ते बंद असतं. वादळ होऊन गेल्यापासून दोन-दोन बॅटऱ्या लावल्यात, लाईट गेली तरी चालूच.”

“आणि मागच्या वर्षी काही गेलं?”

“काडीभर न्हाय.”

“मग तुझ्या बटणाला दोष नाही. मागच्या नवमीनंतर या मशीनमध्ये काहीतरी बदललंय. ते काय, ते मला शोधू दे, आणि तोवर त्या पोरीवर आवाज चढवू नकोस.”

३

प्रणाली रडत नव्हती. जनीचीच लेक ती. कुणी कितीही बोललं तरी जागची हलायची नाही.

“काय बदललंय यंदा?” मी विचारलं.

“कंटेनर बदललाय, मावशी.”

पायरीवरची चार डोकी आत डोकावली. कंटेनर म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे न्हावा शेवाचे ट्रेलर आले असणार. प्रणालीने त्यांच्याकडे वळून सांगितलं, आणि मला तिचं कौतुक वाटलं, कारण तिने ते मनातली चीड बाजूला ठेवून सांगितलं.

“एकाच मशीनमधी वेगवेगळी कामं चालतात. एकाचा पाय दुसऱ्यात अडकू नये म्हनून हरेक काम आपल्या आपल्या कप्प्यात ठेवायचं. त्या कप्प्याला कंटेनर म्हंतात. त्याच्या दोन जाती हायत. एक जात घरासारखी. कुलूप लावून गावाला गेलात, परत आलात, तर भांडी जिथल्या तिथं. आमचा जुना कंटेनर तसा होता. दुसरी जात लॉजच्या खोलीसारखी. खोली सोडली की झाडून साफ. आत ठेवलेलं कायबी ऱ्हात न्हाय.”

“असली खोली कशाला घ्यावी कुणी?” दारातून शिवदास.

“कारण ती हलकी असते, नाखवा,” मी म्हटलं. “बिघडली तर मोडायची आणि क्षणात तशीच नवी उभी करायची. मोठ्या कंपन्या तीच वापरतात आणि त्यात वाईट काही नाही. फक्त जपायचा ऐवज खोलीत ठेवायचा नाही, बाहेर मशीनच्या फळीवर ठेवायचा. आम्ही त्याला व्हॉल्यूम म्हणतो. खोली गेली तरी फळी राहते. रोजची जादा प्रत निघते तीही फळीवरच्या मालाची.”

“मी विनेशदादाशी भांडलेली,” प्रणाली म्हणाली. “बोलले, आपल्याला घरच बरं. आपली मानसं वस्तू घरातच ठेवनारी. तो हसला. बोलला, तू अजून होडीच्या जमान्यात हायस. पावसाळ्याच्या बंदीत होड्या वर काढलेल्या, कामं थांबलेली, तवा त्यानं समदं नव्या जातीत हलवलं.”

“आणि जुना कंटेनर?”

“तो बोलला, काढून टाक, जागा अडते.”

“काढलास?”

इतका वेळ माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलणारी पोरगी खिडकीबाहेर बघायला लागली. “काढायला सांगितलेला त्यानं,” ती म्हणाली. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

इतक्यात खिडकीत एका होडीचा तांडेल आला. दसरा असो की शिमगा, होडीला बर्फ लागतोच. “प्रणाली, माजा बर्फ कंदी?”

तिने सवयीने स्क्रीनकडे पाहिलं. “उद्या सकाली. तुमी चार दिसांआदीच टाकून ठेवलाय.”

तांडेल गेला. मी मात्र उभीच राहिले. चार दिवसांपूर्वीचं, म्हणजे नवमीच्या आधीचं बर्फाचं बुकिंग शाबूत होतं.

४

“बर्फाचं काम याच मशीनवर?”

“व्हय. तो पन कंटेनरच. दादानं दोनी एकाच दिवशी बसवले.”

“सरक जरा.”

कंटेनर उभा करताना मशीनला एक हुकूम द्यावा लागतो. विनेशने दोन्ही हुकूम एका फाइलीत लिहून ठेवले होते, वर बर्फाचा, खाली माशाचा. काल बंद झालेलं मशीन आज सकाळी प्रणालीने सुरू केलं, तेव्हा तिने हीच फाइल चालवली होती. त्यात गैर काही नव्हतं, तिला तसंच शिकवलेलं होतं.

वरचा हुकूम मी वाचला. लॉजचीच जात, पण नोंदी बाहेर फळीवर ठेव आणि मशीन सुरू झालं की आपोआप ऊठ, असं नीट सांगितलेलं. माझ्या हाताखालच्या पोराने असं लिहिलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती.

खालचा हुकूम मी दोनदा वाचला. फळीचं नाव नाही. आणि मध्येच, सुरुवातीच्या शब्दांत मिसळून गेलेली एक बारीकशी सूचना होती. तिचा अर्थ असा, की हा कंटेनर थांबला रे थांबला की त्याला मोडून टाक.

माझे कान तापले. प्रयोग करणारी माणसं ही सूचना वापरतात, म्हणजे प्रयोग संपला की मागे कचरा राहत नाही. वर्षभराच्या नोंदीवर ती कुणी लावत नाही. लावायची तर एकाच कारणाने लावायची. हा कंटेनर चालू आहे तोवर कुणाला काही कळणार नाही, आणि ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी आतला मासा कायमचा बुडेल. आणि दोन बॅटऱ्यांवरचं ते मशीन वर्षातून एकच दिवस थांबतं, हे बाहेरच्या माणसाला स्वप्नातही कळायचं नाही.

“प्रणाली, ही फाइल तू कधी बदललीस?”

“न्हाय मावशी. माझ्या नावानं ती उघडते, पन बदलता येत न्हाय. ती दादाच्या नावावर हाय.”

मी तपासलं. खरं होतं. मग मी बाहेर येऊन शिवदासला म्हटलं, “भाच्याला बोलाव. सोनं द्यायला ये म्हणावं. बाकी एक अक्षर बोलू नकोस.”

शिवदासचा चेहरा पडला. “विनेशला? कशाला?”

“मामाच्या पाया पडायला,” मी म्हटलं.

५

दुपारी विनेश आला. नवी गाडी, नवा शर्ट, हातात आपट्याची पानं. त्याने सगळ्यांना सोनं दिलं, माझ्याही पाया पडला. पोरगा गोड आहे, तोंडावर कुणी वाईट म्हणणार नाही.

“मामा सकाळीच बोलला मला फोनवर. सॅड आहे यार. पण मावशी, मी आधीच बोललेलो, ॲक्सेस एवढा द्यायचा नाय कुणाला.” त्याने प्रणालीकडे पाहिलंही नाही.

“मला एकच समजून घ्यायचंय,” मी म्हटलं. “माशाचा कंटेनर तू फळीशिवाय का बसवलास?”

तो हसला. “अरे हां, ते राहिलं असेल. मिस्टेक झाली. एवढं काम असतं ना, फुकटात करतो आपण, होतं कधी कधी.”

“होतं. घाईत माणूस फळी विसरतो. पण विसरला तर दोन्हीकडे विसरतो. तू त्याच दिवशी, त्याच फाइलीत, बर्फाला फळी दिलीस. वितळून जाणारा बर्फ तू जपलास आणि सुनावणीचा मासा उघड्यावर ठेवलास. शिवाय, थांबताच मोडून टाक असा जादा हुकूमही घातलास. विनेश, विसरण्याने शब्द गळतात. विसरण्याने जादा शब्द कसा लिहिला जाईल?”

जनी दारात पदर खोचून उभी होती.

“मावशी, तुम्ही जुन्या जमान्यातल्या,” विनेश म्हणाला. “तो टेस्टिंगचा सेटअप होता. टेंपररी. नंतर मी नीट करणार होतो.”

मला हेच हवं होतं.

“टेंपररी होता ना? मग प्रयोग फसला तर परत जायला जुना कंटेनर ठेवला असशील. तू शिकलेला माणूस आहेस.”

“ऑफ कोर्स, म्हणजे...” आणि तो थांबला. पाय कुठे पडतोय ते त्याला दिसलं. “जुना काढला. प्रणालीने काढला.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“जागा नव्हती...”

“कुणाच्या सांगण्यावरून, विनेश?”

“मी सांगितलं! मग?”

“मग एवढंच. नव्या होडीचा नुसता प्रयोग करणारा माणूस जुनी होडी फोडायला लावत नाही. परतीची वाट तूच बंद केलीस, आणि बुडवायचं काम मामाच्या हातावर ठेवलंस. खंडेनवमीला तुझा मामा हळदकुंकू वाहून बटण दाबणार, हे लहानपणापासून त्या पूजेचा प्रसाद खाल्लेल्या तुला ठाऊक होतं. पाप कुणाच्या माथी? पुजाऱ्याच्या, नाहीतर जिचं लग्न बंदरातल्या पोराशी ठरलंय तिच्या.”

शिवदास खुर्ची ओढून बसला. “विनू, खोटं हाय म्हन.”

विनेशने हातातलं आपट्याचं पान चुरगळलं. गोडवा उतरला तसा तो एकदम लहान पोरासारखा दिसायला लागला. “पुढच्या महिन्यापासून जेटीच्या कामावर लागतोय मी. हां, लागतोय. काय उरलंय इथे, मामा? वास मारणारं बंदर. जेटी होणारच आहे. तुम्ही कागदं नाचवा नायतर नका नाचवू.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आणि एवढं डोकं चालवून फायदा काय, मावशी? नोंद गेली ती गेली. ती काही परत येत नाय.”

ते मात्र खरं होतं. चोर सापडला होता आणि माल बुडाला होता.

“परत यायला ती गेलीय कुठं?” प्रणाली म्हणाली.

ती पहिल्यांदाच खुर्चीतून उठली. “जुना कंटेनर मी काढलाच न्हाय.”

“काय?” हे आम्ही सगळेच एकदम म्हणालो.

“माजी आजी सोनूबाई सांगायची, नवी होडी एक हंगाम पान्यात टिकत न्हाय तवर जुन्या होडीची फली काढायची न्हाय. मी जुना नुसता थांबवला, नाव बदललं, आन कोपऱ्यात ठेवला. घराच्या जातीचा हाय तो. थांबला तरी आतली भांडी जिथल्या तिथं. गेल्या हंगामाचा समदा मासा त्यात हाय, पयल्या डोलीपासून बंदी लागली तवरचा. ऑगस्टपासूनचा तेवडा गेला.”

“अगं, मग सकाळपासून गप्प का?” शिवदास जवळजवळ ओरडलाच.

“तुमी बोललात ना काका, हिनं नक्कल लपवून ठेवलीय, हिनं विकलीय. तवा मी नक्कल काढून दाखवली असती तर काय म्हनला असतात? सापडली म्हनला असतात! मी ठरवलेलं, तुमाला दाखवायचीच न्हाय. सरळ सुनावनीला नेऊन साहेबाच्या म्होरं ठेवनार होते. जे बोलायचं ते तिथं बोलले असते.”

जनीने तोंडाला पदर लावला. हसते की रडते ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

शिवदास उठला. भाच्यासमोर जाऊन त्याने हात पुढे केला. “हापिसाची चावी.”

“मामा...”

“चावी ठेव. आन तुज्या आईला मी सांगनार हाय, तू सांगू नको.”

चावी टेबलावर पडली. विनेशची गाडी बंदराच्या चढावर दिसेनाशी झाली. मग शिवदास प्रणालीकडे वळला. “पोरी, माजं चुकलं.”

“ते आता नको, काका,” ती म्हणाली. “चोर तुमी समद्यांसमोर म्हनलात. हे पन समद्यांसमोरच बोला.”

६

अलिबागच्या त्या हॉलमध्ये पुढच्या खुर्च्यांवर कंपनीची माणसं होती. आम्हाला मागची जागा दिली होती, म्हणून आमच्या बायका मधल्या वाटेतच बसल्या, रिकाम्या पाट्या मांडीवर घेऊन. शिपायाने उठायला सांगितलं. जनीने त्याला विचारलं, “का? इथं पन जेटी बांधताय?” तो निघून गेला.

आमचं नाव पुकारलं तेव्हा आधी शिवदास उठला. “साहेब, आमची नोंद या पोरीनं जपली. तिला मी गावासमोर चोर म्हनलो. चोर माज्या घरातला निघाला. ही गोष्ट मला इथं बोलायची होती. आता ती बोलंल.”

प्रणालीने लॅपटॉप जोडला. कंपनीचे वकील लगेच उठले. ही नोंद नंतर बसून तयार केलेली नाही कशावरून, असं त्यांनी विचारलं.

“हा कंटेनर बंदी लागल्यापासून थांबलेला हाय. कंदी थांबला, कोनी उघडला, मशीन सांगतं. तुमचा तज्ज्ञ पाठवा, बघूं दे,” प्रणाली म्हणाली. “पन त्याला मशीनपाशी आमी एकटा सोडनार न्हाय.”

हॉलमध्ये हशा पिकला. पडद्यावर खाडीच्या तोंडाचा नकाशा आला आणि त्यावर ठिपके उमटायला लागले. एकेक ठिपका म्हणजे एकेक डोल. ठिपके वाढत गेले, इतके की खालचं पाणी दिसेना. इतकी वर्षं याच बंदरात काढली, पण आपण एवढे आहोत हे मी असं एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

प्रणालीने पहिली नोंद वाचली. होडीचं नाव, जागा, बोंबील. दुसरी वाचली. जवळा. तिसरी वाचली.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “बाई, सगळं वाचायची गरज नाही. सारांश सांगा.”

“न्हाय, साहेब.”

“काय?”

“नगन्य लिवायला त्यांना एक शब्द पुरला. आमाला न्हाय पुरनार. आमचा अख्खा हंगाम हाय, अख्खा ऐकावा लागंल.”

वकील उठून उभे राहिले. साहेबांनी त्यांना हाताने बसवलं, पेनाचं टोपण काढलं आणि मान हलवली. प्रणालीने चौथी नोंद वाचायला घेतली. ती होडी जनीची होती, आणि वाटेत बसलेल्या जनीने पाटी खाली ठेवून मोठ्याने सांगितलं, “हाजिर.”

पाचव्या नोंदीला दुसरी बाई म्हणाली, “हाजिर.”